पेलिकन राज्याचे तीन थेंब

अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना राज्याचा ध्वज निळा आहे. त्यावर घरट्यातील पांढरी पेलिकन माता चोचीने स्वतःची छाती विदीर्ण करून तीन पिल्लांना रक्त पाजते आहे. खाली ‘ऐक्य, न्याय, विश्वास’ हे बोधवाक्य. राज्याचे लाडके नावही ‘पेलिकन राज्य’च. राज्यचिन्हांकडे आपण बहुधा निव्वळ शोभा म्हणून पाहतो. परंतु हे चिन्ह आपल्या वेदीवरून उचललेले असल्याने त्याचा अर्थ तपासण्याचा थोडा अधिकार आम्हांलाही आहे, असे आम्ही मानतो.

पेलिकन आपल्या रक्ताने मेलेली पिल्ले जिवंत करते, ही कथा ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या शतकांपासून सांगितली जात आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या नावे असलेल्या ‘आदोरो ते देवोते’ या स्तोत्रात प्रभू येशूला पेलिकन असे संबोधले आहे. कवी दान्तेनेही तेच केले. फार दूर कशाला, जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयात पवित्र ख्रिस्तशरीरासाठी घडविलेले पेलिकनच्या आकृतीचे पात्र आहे. प्रत्यक्षात हा पक्षी असे काही करीत नाही. चोचीखालील पिशवी रिकामी करताना तो चोच छातीशी दाबतो, त्यावरून ही कल्पना रूढ झाली असावी. त्याने आमचे काही बिघडत नाही.

मध्यंतरी या राज्याच्या अनेक ध्वजांवरून रक्ताचे थेंबच गळाले होते. इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याच्या ते ध्यानात आले, आणि २००६ साली विधिमंडळाने तीन थेंब दाखवलेच पाहिजेत असा कायदा केला. २०१० साली ध्वजाचे नवे चित्र आले. ही क्षुल्लक बाब म्हणून हसणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रक्त पुसले की उरते ते केवळ एका मायाळू आईचे चित्र, दिवाणखान्यात टांगण्याजोगे. मात्र थेंब मोजणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो : या भूमीत रक्त सांडले ते कोणाचे?

खऱ्या पक्ष्याची कथा थोडक्यात सांगतो. १९६६ साली तपकिरी पेलिकन हा राज्यपक्षी घोषित झाला, तेव्हा कीटकनाशकांच्या विषामुळे राज्यात त्याचे एकही घरटे उरले नव्हते! पुढे फ्लॉरिडातून पिल्ले आणून त्याची वसाहत पुन्हा उभारावी लागली.

लुईझियानाला ‘साखरेचे राज्य’ हे दुसरेही नाव आहे, आणि खरी परीक्षा तेथे आहे. १७९५ साली न्यू ऑर्लिन्सजवळ एत्येन द बोरे या मळेवाल्याने उसाच्या रसापासून दाणेदार साखर काढण्यात यश मिळविले आणि मळे पसरत गेले. आपल्याकडील गुऱ्हाळाच्या चुलवाणाची धग ज्यांनी सोसली आहे, त्यांना रात्रंदिवस उकळणाऱ्या त्या कढयांची थोडी कल्पना येईल. तेथे राबणारे मजूर नव्हते, विकत घेतलेले आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. एका मातेने स्वतःचे रक्त द्यावे आणि पिल्लांनी जगावे, हा ध्वजाचा अर्थ; इतरांचे रक्त आटवून आपण जगावे, हा मळ्याचा व्यवहार. दोन्ही नावे एकाच राज्याची आहेत.

हा दोष परक्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही. १८३८ साली मेरीलँड येथील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष-बालकांना १,१५,००० डॉलरना विकण्याचा करार केला. खरेदीदारांपैकी एकजण लुईझियानाचा माजी राज्यपाल होता. आलेल्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन येथील त्यांच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेला. कुटुंबांची ताटातूट करू नये, त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी, या रोमहून आलेल्या अटी पाळल्या गेल्या नाहीत. विकले गेलेले हे लोक बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक होते. ज्या वेदीवर पेलिकन कोरलेला असतो, तिच्यासमोर तेही गुडघे टेकत होते.

लुईझियानात जिल्ह्याला आजही ‘पॅरिश’ म्हणतात. आपल्या भाषेत धर्मग्राम. अशा ६४ पॅरिशांपैकी इबरव्हिलमध्ये मॅरिंग्विन नावाचे गाव आहे. त्या विकलेल्या माणसांचे अनेक वंशज तेथे राहतात, आणि त्यांतील कित्येक अद्याप कॅथलिक आहेत. हे आम्हांला ध्वजावरील चित्रापेक्षा अधिक अचंबित करते. ज्यांनी विकले त्यांचाच धर्म त्यांनी टाकला नाही. पेलिकनची उपमा कोणाला शोभत असेल तर ती त्यांना. राज्याच्या मुद्रेला ती उसनी मिळालेली आहे.

एप्रिल २०१७ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात या वंशजांसमक्ष येशूसंघाने क्षमायाचना केली. २०२१ साली वंशजांबरोबर स्थापन केलेल्या प्रतिष्ठानासाठी १० कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. बोधवाक्यातील मधला शब्द ‘न्याय’ आहे. कराराच्या कागदापासून या वचनापर्यंत यायला त्याला १८३ वर्षे लागली.