वारा, श्वास आणि आत्मा

संत योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू निकोदेमाला वाऱ्याचे उदाहरण देतो. मराठीत तेथे ‘वारा’ आणि ‘आत्मा’ असे दोन शब्द भेटतात व आपण तो केवळ दृष्टान्त समजतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘न्यूमा’ हा एकच शब्द आहे. वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ त्यात नांदतात. हिब्रू ‘रूआह’चेही तसेच. यहेज्केलाच्या ३७व्या अध्यायातील शुष्क अस्थींच्या दर्शनात तो कधी श्वास होतो, कधी चार दिशांचा वारा, तर शेवटी देवाचा आत्मा.

अनुवादकाने काय करावे? संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात योहानाच्या त्या वचनात दोन्हीकडे ‘स्पिरितुस’च आहे. नाते टिकले, पण वाचकाच्या मनातून वारा निसटला. मराठीने वारा राखला आणि नाते तुटले. तरीही मला मराठीची निवड अधिक रास्त वाटते. ज्याचा आवाज ऐकू येतो पण वाट कळत नाही, तो वाराच नसेल तर निकोदेमाने समजावे तरी कशावरून?

खरी अडचण ‘आत्मा’ या शब्दाची आहे. ऋग्वेदात ‘आत्मन्’ श्वास या अर्थानेही येतो. परंतु वेदान्ताच्या दीर्घ संस्कारामुळे मराठी कानाला तो देहातील अविनाशी तत्त्वच वाटतो. त्यातली झुळूक लोपली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना उमजेल असे बायबल सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. पण भाषा कितीही सोपी केली तरी ही गाठ सुटत नाही.

आमच्या दिंडोरीत प्रवचनानंतर एका आजींनी मला विचारले, “फादर, देवीचं वारं अंगात आलं म्हणत्यात. मग वारा आन् आत्मा येगळे कसे?” मी निरुत्तर झालो. ग्रंथांत शोधलेला सांधा बोलीत जिवंत होता! अर्थात ‘वारं’ पवित्र शास्त्रात घालता येणार नाही. ते अंगात येते आणि उतरते, तर पवित्र आत्मा वस्तीला येतो. परंतु हे नाते एखाद्या तळटीपेने आणि प्रवचनकाराने वाचकाला परत द्यायला हवे. इतकी वर्षे मी ते दिले नाही, ही उणीव अनुवादकाची नव्हे, माझी.