जंतांचे वेळापत्रक

१९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. घोड्यांच्या रक्तद्रवापासून धनुर्वाताचे प्रतिविष बनवायचे, तर घोडे निरोगी हवेत. पोटात जंत नकोत. त्याच वर्षी अमेरिकेत ड्रज व लायन्स यांनी सुचवले : दर दोन महिन्यांनी सर्व घोड्यांना जंतनाशक द्या. आतड्याच्या रोहिणीत गुठळ्या करणारे मोठे जंत त्याने आटोक्यात आले.

पण हा सल्ला कायमचा नियम बनला, हे चुकले. प्रत्येक मात्रेला लेचेपेचे जंत मरतात, तग धरणारेच वाढतात. लहान स्ट्राँगाइल जंतांवर बेंझिमिडॅझोल औषधे आज अनेक देशांत निष्प्रभ ठरली आहेत. म्हणून प्रौढ घोड्यांच्या लिदीतील अंडी मोजावीत. जास्त अंडी टाकणाऱ्यांनाच वारंवार औषध द्यावे. उरलेल्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारा वाण टिकतो. नैसर्गिक निवड शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.