मानधन आणि मेहनताना

शासनाची भाषा निष्पाप नसते. ज्याला पैसे द्यायचे त्याची पायरी पाहून ती शब्द निवडते. 2025 साली महाराष्ट्र शासनाने बंदिवासाशी संबंधित दोन निर्णय घेतले. ते शेजारीशेजारी ठेवून वाचायला हवेत.

पहिला एप्रिलमधला. भिक्षेकरी गृहात ठेवलेल्यांना कामापोटी 1964 पासून महिन्याला 5 रुपये मिळत. ते दिवसाला 40 रुपये करायचे ठरले. दुसरा जूनमधला. आणीबाणीत महिन्याहून अधिक काळ तुरुंगवास भोगलेल्यांना मिळणारी दरमहा 10,000 रुपयांची रक्कम 20,000 झाली. पहिल्या रकमेचे नाव मेहनताना, दुसरीचे मानधन. एकाला घामाचा मोबदला, दुसऱ्याला मान.

खटला न चालवता माणसाला डांबणे हा अन्यायच होता. त्याची भरपाई झाली, याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न असा की, भिक्षेकऱ्याच्या बंदिवासाला अन्याय का म्हणायचे नाही?

1959 चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा वाचावा. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे या निमित्ताने पैसे घेणे म्हणजेही भीक. खोपोलीच्या बाजारात डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालली की आपले प्राध्यापक तिला लोककला म्हणतात. तिच्या बापाने लोकल पकडून मुंबईच्या रस्त्यावर तोच खेळ मांडला की कायद्याच्या लेखी तो भिकारी. प्रथम सापडल्यास किमान 1 वर्ष, पुनःपुन्हा सापडल्यास 10 वर्षे अटकाव. आणि या सगळ्याला नाव 'पुनर्वसन'!

हा कायदा आभाळातून पडलेला नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो 1952 साली रद्द झाला. सात वर्षांत हा आला. तारेचे कुंपण गेले, नजर राहिली. लक्ष्मण मानेंचे 'उपरा' (1980) आणि लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (1987) याच नजरेखालच्या जगण्याचे दस्तऐवज आहेत. आमच्या समीक्षेने त्यांतल्या अनुभवाचे वेगळेपण वाखाणले, पण त्या अनुभवामागच्या कायद्याचे वाचन केले नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार दोघांनाही मिळाला. पण पुस्तकाला मान मिळाल्याने त्यातल्या माणसाला मिळतोच असे नाही.

आता हिशेब. 40 रुपये रोज म्हणजे महिन्याचे तीसही दिवस काम केले तरी 1,200. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे ही वेठबिगार, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या मजुरांबाबत म्हटले. वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले होते. ती वेठ गावकीची होती, ही शासनाची.

आणि सुटल्यावर काय? संजय गांधी निराधार योजनेसाठी 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. ज्याला पाल टाकून फिरावे लागते त्याने तो कोणत्या तलाठ्याकडून आणायचा? त्याची बंदिवासाची वर्षे शासनाच्याच नोंदवहीत आहेत. निदान ती तरी रहिवासात धरा.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्राचा कायदा आहे तसाच आहे. तो जाईपर्यंत आतल्या माणसाला किमान वेतन, त्याच्या नावाचे बँक खाते आणि सुटताना हातात शिधापत्रिका मिळालीच पाहिजे. हे मागताना 'दया' हा शब्द वापरू नये. तो त्यांच्या कोशातला आहे.