दिवाळ्याचें भय आणि आमचें वाङ्मय

आमच्या मराठी वाङ्मयांत मजूर आहे, सावकार आहे, शेतकरी तर आहेच आहे. परंतु चार-सहा मागांचा लहानसा धनी मला तेथें फारसा भेटलेला नाहीं. मामा वरेरकरांनीं ‘धांवता धोटा’ या कादंबरींत गिरणी-कामगारांचें जग आणलें. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकांत 1982 च्या संपानंतर मोडून पडलेलें गिरणगांवांतील एक घर दिसलें. दोहोंचें मोल मोठें आहे. पण मुंबईपासून थोड्याच कोसांवर भिवंडी आहे, आणि येथील यंत्रमागवाला धड मालक नव्हे कीं धड मजूर नव्हे. सूत बहुधा व्यापाऱ्याचें आणि कापडही त्याचेंच. माग व विजेचें बिल तेवढें याचें, आणि मजुरी मिळेल ती. यांत उर्दू बोलणारे मोमीन आहेत, तेलुगू बोलणारे पद्मशाली आहेत. मराठी लेखकास ते परके वाटले असावेत. हें कारण मला पुरेसें वाटत नाहीं.

2016 च्या नोव्हेंबरांत नोटा रद्द झाल्या, 2020 च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली, आणि दोन्ही वेळां येथील खडखडाट मंदावला. त्या शांततेंत धन्याच्या मनांत काय चाललें असेल, हें ज्यास लिहावयाचें असेल त्यानें बाल्झाकची ‘सेझार बिरोतो’ ही 1837 ची कादंबरी अवश्य वाचावी. नायक पॅरिसमधील सुगंधी द्रव्यांचा दुकानदार. कथा उघडते ती त्याच्या बायकोच्या दुःस्वप्नानें : चिंध्या पांघरून आपणच आपल्या दुकानाच्या दाराशीं भीक मागत आहों, आणि गल्ल्यावरही आपणच बसलों आहों! त्या वेळीं दुकान भरभराटींत आहे. भय अपयशाच्या आधीं येतें, आणि घरांतल्या बाईला तें प्रथम कळतें, हें बाल्झाकनें अचूक ओळखलें. पुढें जागेच्या सट्ट्याचे व हुंड्यांचे तपशील तो इतके देतो कीं माझ्यासारख्या मास्तराचा धीर सुटतो. शेवटीं नायक पै न् पै फेडतो व त्या आनंदाच्या भरांतच मरतो. हा शेवट मला नाटकी वाटला. आमच्या गांवचा माणूस कर्ज फिटलें म्हणून मरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सूत आणावयास जातो.

परंतु पॅरिसपर्यंत जावयाचें तरी कशाला? तुकोबांचे आत्मचरित्रपर अभंग आपण केवळ भक्तीसाठीं वाचतों. 1630 च्या सुमारच्या दुष्काळांत देहूच्या या वाण्याचा पैसा व प्रतिष्ठा दोन्ही गेलीं, पत्नी उपासमारीनें गेली. तें दुःख ते सांगतातच. पण त्याच्या शेजारीं, व्यवसायांत खोट आलेली पाहून आपणांस लाज वाटली, हेंही सांगतात. एवढ्या मोठ्या शोकांत धंद्याची लाज वेगळी नोंदविण्याचें धैर्य आमच्या कादंबरीकारांत मला आढळलेलें नाहीं.

नोटाबंदीच्या दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी चारांपैकीं एकच माग चालवीत असे, तोही तोट्यांत. बंद कां करीत नाहींस, म्हणून मीं विचारलें. तो म्हणाला, “सर, शेजारच्या कारखान्यांत आवाज ऐकूं जातो ना.”