मध्ययुगीन प्रणयकथा व सावत्रपणाचा विनोद

सावत्र आई ही कथावाङ्मयाच्या घरची फार जुनी राबती बाई होय. कथेंत दुष्टपणा कमी पडला कीं तिला हांक मारावयाची, निरपराध लेंकरूं तिच्या स्वाधीन करावयाचें, आणि शेवटीं तिला शासन झालें म्हणजे वाचकांनीं समाधानानें पुस्तक मिटावयाचें, हा क्रम देशोदेशीं चालत आला आहे. ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसूं न देणारी सुरुचि आपल्या घराघरांतील मुलांस ठाऊक आहे. युरोपांतील मुलांस तिच्या बहिणी ठाऊक आहेत. करुणरसाला ही बाई अशी सदैव उपयोगी पडत आली. हास्यरसाला ती कितपत उपयोगी पडते, आणि त्या हंसण्यांतून सावत्रपणाच्या नात्यावर कांहीं उजेड पडतो कीं तें नातें नुसतें थट्टेवारी जातें, ह्याची चर्चा मात्र आमच्या पाहण्यांत फारशी आलेली नाहीं. इंग्रजींतील मध्ययुगीन प्रणयकथांपैकीं दोन विनोदी कादंबऱ्या समोर ठेवून ती थोडी करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

सावत्र आईला हंसण्याची चाल मध्ययुगांतलीच आहे, हें आधीं सांगितलें पाहिजे. पंधराव्या शतकांतील इंग्रजी पद्यांत 'द फ्रायर अँड द बॉय' म्हणून एक गोष्ट आहे. तींत जॅक नांवाच्या मुलाला सावत्र आई धड खाऊं देत नाहीं. तो आपली शिदोरी एका म्हाताऱ्याबरोबर वांटून खातो, आणि म्हातारा प्रसन्न होऊन त्याला तीन वर देतो. पहिल्या वरानें धनुष्य मिळतें. दुसऱ्यानें ऐकणाऱ्याला नाचावयास लावणारा पांवा मिळतो. आणि तिसऱ्यानें, सावत्र आईनें डोळे वटारले कीं चारचौघांत तिची अप्रतिष्ठा होते. ती कशी होते, तें कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत सांगण्याजोगें नाहीं. दुबळ्या पोराचा सूड म्हणून हें हंसें आम्हांस कळतें. पण त्यांत त्या बाईला मन म्हणून कांहीं दिलेलें नाहीं. ती एक लक्ष्य आहे, आणि बाण बरोबर लागला एवढाच त्यांतला आनंद.

आधुनिक काळीं मध्ययुगाचा हा पडदा अमेरिकन लेखिकांनीं पुन्हां उघडला. कॅथलीन वुडिविस ह्यांची १९७४ सालीं निघालेली 'द वुल्फ अँड द डव्ह' ही कादंबरी १०६६ च्या नॉर्मन स्वारीवर उभारलेली आहे. जेता सरदार व जिंकलेल्या घराण्यांतील मुलगी ह्यांचें प्रेम तींत बळजबरीच्या सावलींतच वाढतें. पुढें जूली गारवुड (१९४४–२०२३) ह्यांनीं ह्याच पडद्यापुढें विनोद आणून बसविला. त्यांच्या नायकाची गर्जना मोठी, पण घरांत ती मनावर घेणारें कोणी नाहीं. नायिका प्रत्येक आज्ञेला मान डोलावते आणि करते तें स्वतःच्या मनासारखें. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांत हीच जोडी नांव बदलून येते, हें रसिकांच्या लवकरच ध्यानांत येईल. तथापि १९९३ सालच्या 'सेव्हिंग ग्रेस' ह्या कादंबरींत ह्या ठरीव जोडीच्या पदरांत एक मूल टाकलेलें आहे, आणि तेवढ्यानें विनोदाचा सूरच पालटला आहे.

कथानक थोडक्यांत असें. इंग्लंडांत जॉन राजाची कारकीर्द आहे. लहान वयांत रॉल्फ नांवाच्या क्रूर सरदाराशीं जिचें लग्न झालें, ती जोहॅना त्याच्या मृत्यूची वार्ता आल्यामुळें सुटते. पण राजा तिला पुन्हां कोणाच्या तरी गळ्यांत बांधणार हें उघड असतें. तेव्हां तिचा भाऊ निकोलस स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील गेब्रिएल मॅकबेन ह्या टोळीनायकाशीं तिचें लग्न ठरवितो. गेब्रिएलला जमीन हवी आहे, आणि जोहॅनाबरोबर जमीन येते. जोहॅनाची मात्र अशी समजूत करून दिलेली आहे कीं ती वांझ आहे. अडचण दूर होते ती अलेक्समुळें. हा गेब्रिएलचा विवाहबाह्य मुलगा. नवऱ्याच्या घरीं मुलगा आधींच आहे, म्हणून मूल न होणारी बायको चालेल, असा हा रोखठोक हिशेब आहे.

हा हिशेब हंसण्यासारखा आहे काय? लेखिकेचें कौशल्य येथेंच दिसतें. तिनें विनोदाची मुळें धाकांत रोवलीं आहेत. प्रारंभींच बिशप हॉलविक नांवाचा धर्मगुरु स्वर्गांतील व पृथ्वीवरील प्राण्यांची उतरंड समजावून देतो, आणि तींत स्त्रियांची पायरी मठ्ठ बैलांच्याहि खालीं येते. वाचकाला हंसूं येतें. पण ज्या मुलीच्या मनांत ही उतरंड भिनविली गेली आणि जिच्या पहिल्या नवऱ्यानें तिचा अर्थ हातानें समजावून दिला, तिला हंसूं येत नाहीं. नव्या नवऱ्याचा मोठा आवाज ऐकतांच ती दबते, आणि आपण एवढें काय बोललों हें त्या आडदांडाला कळत नाहीं. हे दोघे एकमेकांस चुकीचें वाचतात, आणि प्रत्येक चुकीबरोबर जोहॅनाचें भय थोडथोडें झिजतें. ज्या हंसण्याखालीं असें कांहीं झिजत असतें, तें हंसें उथळ म्हणतां येत नाहीं.

कादंबरींतील सर्वांत चांगला विनोद आमच्या मतें दोन वस्त्रांचा आहे. गेब्रिएलच्या अमलाखालीं मॅकबेन व मॅकलॉरिन अशा दोन टोळ्या एकत्र नांदूं पाहतात. दोघींचीं चौकड्यांचीं वस्त्रें निराळीं. म्हणून जोहॅनानें एके दिवशीं एक व दुसऱ्या दिवशीं दुसरें नेसावें असें ठरतें, आणि आजचा दिवस कोणाचा ह्यावरून मिशीवाले योद्धे पोरांसारखे भांडूं लागतात. हा विनोद नुसता गमतीचा नाहीं. ह्या दोन टोळ्या म्हणजे दोन सावत्र भावंडेंच होत. आईनें कालचा दिवस कोणाला दिला व आज ती कोणाच्या बाजूची, ही मोजदाद ज्यानें सावत्र भावंडांचें घर पाहिलें आहे त्याला ओळखीची वाटेल. लहानग्या अलेक्सच्या तोंडीं जें गाऱ्हाणें घातलें असतें तर आपण रडलों असतों, तेंच दाढीवाल्यांच्या तोंडीं घालून लेखिकेनें आपणांस हंसविलें आहे.

इतिहासाच्या पंडितांस ह्या ठिकाणीं कपाळाला हात लावावा लागेल. अंगभर गुंडाळावयाच्या त्या वस्त्राचा स्पष्ट पुरावा सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिळतो, आणि टोळीगणिक ठरलेल्या चौकड्यांची प्रथा तर मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत रुजली. ऑगी नांवाचा म्हातारा खड्ड्यांत दगड घालविण्याचा खेळ खेळतो. स्कॉटलंडांत गॉल्फचा पहिला लेखी उल्लेख सांपडतो तो त्या खेळावर बंदी घालणाऱ्या १४५७ च्या कायद्यांत. असल्या चुकांवर आम्ही फार वेळ दवडणार नाहीं. विनोदी कथेला तेवढी मोकळीक असावी.

विचारावयाचें तें वेगळेंच. लग्न व सावत्रपण ह्यांचा त्या काळचा भार कादंबरींत उतरला आहे काय? लग्नाचा उतरला आहे. विधवेचें लग्न ही राजाची मिळकत होती, ही कल्पना लेखिकेच्या पदरची नव्हे. जॉन राजानें आपल्या पहिल्या बायकोशीं झालेला विवाह रद्द करून घेतला, तरी तिला आपल्या ताब्यांत ठेवलें, आणि १२१४ सालीं एसेक्सच्या सरदाराकडून २०,००० मार्क ठरवून तिचें लग्न त्याच्याशीं लावून दिलें. पुढच्याच वर्षीं मॅग्ना कार्टाच्या आठव्या कलमांत, विधवेस इच्छेविरुद्ध लग्न करावयास लावूं नये, असें लिहून घ्यावें लागलें. जोहॅनाची धडपड ह्या कलमाच्या आधींची आहे, हें ध्यानांत ठेवून वाचलें म्हणजे तिच्या भावाची घाई खरी वाटते.

सावत्रपणाचा भार मात्र पुरता उतरलेला नाहीं. स्कॉटलंडच्याच इतिहासांत पाहावें. माल्कम राजानें सुमारें १०७० सालीं मार्गारेटशीं दुसरें लग्न केलें. हीच पुढें संतपदाला चढली. पहिल्या बायकोचा मुलगा डंकन ह्याला राजानें १०७२ सालीं विल्यम राजाकडे ओलीस म्हणून देऊन टाकलें. डंकन १०९४ सालीं गादीवर आला आणि त्याच वर्षीं मारला गेला; पुढें मार्गारेटचे तीन मुलगे एकामागून एक राजे झाले. येथें कोणी कोणाला विष घातलें नाहीं, कोणी डोळे वटारले नाहींत. दुसऱ्या संसाराच्या आरंभींच पहिल्या संसारांतलें पोर परक्याच्या दारीं गेलें, एवढेंच. उलट इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीविरुद्ध त्याच्या औरस मुलांनीं बंड केलें, आणि १८८९ नव्हे तर त्याच्या सातशें वर्षें आधीं, ११८९ सालीं, मरणाच्या वेळीं त्याच्याजवळ राहिला तो जेफ्री हा अनौरस मुलगा. जिव्हाळा व हक्क हे त्या काळीं एका वाटेनें चालत नसत. आणि १२३६ सालीं मर्टन येथें इंग्लंडच्या सरदारांनीं, आईबापांनीं मागाहून लग्न केलें तरी आधींचें मूल औरस ठरणार नाहीं, असा आग्रह धरून ती वाट बंदच केली.

आतां अलेक्सकडे वळूं. जोहॅना त्याला आपला म्हणते, आणि तिचें तें म्हणणें खरें वाटतें. ज्या बाईला कोणी शेवटच्या पायरीवर बसविलें, तिला शेवटच्या पायरीवरचें पोर ओळखतां यावें ह्यांत नवल नाहीं. पोटचें मूल नसतांहि आईपण पुरें होऊं शकतें, हा ह्या कादंबरींतला सर्वांत धीट विचार. पण लेखिकेला तो शेवटपर्यंत पेलवला नाहीं. जोहॅनाला दिवस जातात. ती वांझ नव्हतीच, हें सिद्ध होतें. वाचकांच्या टाळ्या पडतात. रॉल्फचा खोटेपणा उघडा पडतो, ह्याचा आनंद आम्हांसहि झाला. परंतु ज्या क्षणीं औरस मूल येऊं घातलें, त्याच क्षणीं ध्रुवाचा प्रश्न उभा राहतो: बापाच्या मांडीवर आतां कोण बसणार? ज्याच्यामुळें लग्न जुळलें, त्याच पोराच्या जागेवर हें लग्न घाला घालूं शकतें, ही गोष्ट लेखिकेनें पुरती ऐरणीवर घेतली नाहीं. एवढ्या धाकाला हंसत हंसत सामोरी गेलेली लेखणी ह्या एका धाकापाशीं नजर चुकविते.

लिन्सी सँड्स ह्यांच्या २००९ सालच्या 'डेव्हिल ऑफ द हायलँड्स' ह्या कादंबरीशीं तुलना केली म्हणजे गारवुडबाईंचें मोठेपण अधिक कळतें. येथें नायिका एव्हलिंड हीच सावत्र मुलगी. एडा ही तिची सावत्र आई तिला राक्षस म्हणून गाजलेल्या कलनच्या गळ्यांत बांधते आणि ह्या दुष्टाव्याचा मनसोक्त आनंद घेते. नवरा निघतो भला, पण दिवसाकाठीं चार शब्द बोलेल तर शपथ. त्याच्या मौनाचे अर्थ लावतां लावतां बायकोची जी तारांबळ उडते ती खरोखर हंसविणारी आहे. एडा मात्र जॅकच्या गोष्टींतलीच बाई आहे. पांचशें वर्षांत तिच्या अंगावरचा पोशाख तेवढा बदलला. मन तिला अजूनहि मिळालेलें नाहीं. म्हणून एव्हलिंडच्या लग्नाला आम्ही हंसतों, पण तिच्या सावत्रपणाविषयीं ह्या कादंबरीपासून कांहीं शिकत नाहीं.

विनोदाची कसोटी आम्हांस येथें सांपडते. बिजवराच्या घरीं गेलेली मुलगी आणि तिच्याकडे दारामागून पाहणारें पोर, हीं दोघेंहि एकमेकांस भीत असतात. गोष्टी सांगणाऱ्यांनीं शतकानुशतकें त्यांपैकीं एकाचेंच भय सांगितलें. दोघांचें भय एकदम दाखवून दोघांनाहि हंसावयास लावणारी कादंबरी अजून लिहावयाची आहे. 'सेव्हिंग ग्रेस' त्या दारापर्यंत गेली आहे, आणि तिच्या आधींच्या कित्येक गोष्टी अंगणांतूनच परतल्या होत्या, हें लक्षांत घेतां तिचें श्रेय थोडें नाहीं. आमच्या वाचकांनीं ती अवश्य वाचावी. आणि हंसून झाल्यावर, अलेक्सचें पुढें काय झालें असेल, हें घटकाभर मनाशीं विचारून पाहावें.