राजा दीनदयाळांची स्थलचित्रे

राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे नाव निघाले की बहुतेकांस निजामाच्या दरबारातील व्यक्तिचित्रेच आठवतात : जरीचे अंगरखे, रत्नहार, शिकारीतील वाघ. १८८६ मध्ये सिकंदराबादेस स्टुडिओ थाटणाऱ्या या कलावंताचे खरे सामर्थ्य आम्हांस मात्र त्यांच्या स्थलचित्रांत दिसते. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकले आणि पुढे इंदुरास बांधकाम खात्यात होते. उभी भिंत उभीच दिसावी, पायथा सुटू नये, हा मोजणीदाराचा दंडक त्यांनी कॅमेऱ्यासही लावला.

वेरूळ, गोवळकोंडा येथील त्यांची चित्रे पाहावीत. आकाश बहुधा कोरे पांढरे असते. त्या काळच्या काचपट्टीवरील लेप निळ्या प्रकाशास फार लवकर वश होई. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई. मेघांचा आधार नाही, रंग तर नाहीतच. तेव्हा चित्राचा सारा भार खडक, पायऱ्या आणि भिंतीची तिरपी सावली यांनी वाहावयाचा. त्यांनी तो वाहिलाही आहे. आमचे यात्रेकरू बंधू तांबडे आकाश मिळाले की कृतार्थ होतात. खाली काय आहे याची फिकीर कोणास? शिवाय आप्तांची रांग पुढे उभी करून अर्धे देवालय झाकतात, ते निराळेच!

एक गोष्ट मात्र खटकते. अशा चित्रांत भिंतीपाशी एखादा मनुष्य उभा असतो, तो वास्तूची उंची कळावी म्हणून. त्या काळच्या स्थलचित्रांची ती रीतच होती, हे खरे. परंतु ज्या कॅमेऱ्याने सरदाराच्या हारातील मणी न् मणी टिपला, त्यानेच या मनुष्याची मोजपट्टी करावी? त्याचे नाव कोणी टिपून ठेवलेले दिसत नाही.

दीनदयाळांच्या २८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या, म्हणून निदान तेवढे तरी राहिले. सिकंदराबादेभोवतीचे ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे. घरांसाठी व रस्त्यांसाठी त्यांतील कितीतरी फुटून गेले. उरले आहेत त्यांची चित्रे सकाळच्या तिरप्या उन्हात, पायथ्यासह, घ्यावीत. शेजारी कोणी उभा असेल तर स्थळ व तारखेबरोबर त्याचेही नाव विचारून लिहून ठेवावे.