मोळीवाल्याचं नाव

लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर एक म्हातारा आहे. कमरेत वाकलेला, पाठीवर काटक्यांची भलीमोठी मोळी, हातात काठी. पापुद्रे सुटलेल्या भिंतीवर त्याची फ्रेम टांगलेली. बाकी काही नाही. ना बँडचं नाव, ना अल्बमचं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका सीनिअरने पेनड्राइव्हवरून हा अल्बम दिला, तेव्हा फोल्डरचं नावही नुसतं ‘चार’ होतं. तो म्हातारा बघून मला वाटलं, हा आपल्याच भागातला कोणीतरी. मंगळवेढ्याच्या रस्त्याला अशी माणसं मी लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेली.

नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेला हा अल्बम. आठ गाणी, त्रेचाळीस मिनिटांच्या आत संपतो. हार्ड रॉक म्हणून दुकानात विकला गेला, पण हाडं ब्ल्यूजची आहेत. गेली काही वर्षं सोमवारी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना मी तो ऐकतो आणि आता तो मला गिटारपेक्षा नावांचा अल्बम वाटायला लागलाय. कोणाचं छापलं, कोणाचं गाळलं.

स्वतःचं नाव गाळायचं हे बँडनेच ठरवलं होतं. तिसऱ्या अल्बमला समीक्षकांनी झोडपलं होतं. जिमी पेजचं म्हणणं, आता नावाशिवाय ऐका. रेकॉर्ड कंपनी नको म्हणत होती. शेवटी चौघांची चार चिन्हं आली, नाव आलं नाही. अल्बम तरीही तुफान विकला गेला. ज्याचं नाव जगाला पाठ आहे त्यालाच ते काढून टाकणं परवडतं, हे मला कॉलेजात कळलं नव्हतं. तेव्हा ते फक्त भारी वाटायचं.

‘स्टेअरवे टू हेवन’बद्दल मी फार लिहिणार नाही. गिटारच्या प्रत्येक क्लासमध्ये त्याची इतकी पारायणं झालीत की आता ते गाणं ऐकू येत नाही, आठवतं फक्त. त्याच्या सुरुवातीवरून स्पिरिट या बँडच्या दिवंगत गिटारवादकाच्या ट्रस्टच्या वतीने खटला झाला, २०२० मध्ये तो झेपलिनच्या बाजूने संपला आणि मला तो निकाल पटतो. तशी उतरती सुरावट कोणा एकाच्या मालकीची नसते. ‘मिस्टी माउंटन हॉप’ मी बऱ्याचदा पुढे ढकलतो. माझ्यासाठी अल्बम उभा आहे तो शेवटच्या गाण्यावर, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’वर.

लेव्ही म्हणजे नदीचा बांध. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले. फुटण्याआधी त्या बांधांवर वाळूची पोती रचायला काळ्या मजुरांना जुंपलं होतं, काही ठिकाणी बंदुकीच्या धाकाने. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने त्यावर गाणं रेकॉर्ड केलं. दोन गिटार आणि जोचा आवाज, बस्स. ऐकाल तर चकित व्हाल, कारण ते जवळजवळ हलकंफुलकं आहे. पायाने ठेका धरावा असं. दुःख शब्दांत आहे, चालीत नाही. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई सासुरवासाची ओवी ज्या सुरात म्हणते, तसं काहीसं.

झेपलिनने ते गाणं उचललं आणि त्यात पाणी भरलं. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या उंच दालनात जॉन बॉनमचा ड्रमसेट मांडला आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने वरून फक्त दोन माइक सोडले. ड्रमच्या तोंडाशी माइक नाही. त्यामुळे आपल्याला ड्रम ऐकू येत नाही, ते घर ऐकू येतं. वर टेपचा वेग कमी केला, म्हणून प्रत्येक ठोका ओल्या पोत्यासारखा जड पडतो. नंतर बीस्टी बॉइजसह कितीजणांनी हा ठेका कापून आपल्या गाण्यात चिकटवला. एक गोष्ट मला अलीकडे कळली: ते घर १७९५ मध्ये गरिबांना ठेवून कामाला लावण्यासाठी बांधलं होतं. गुणगुणत त्या जिन्यावरून कोण चढलं-उतरलं असेल, त्यांची नावं कुठेच नाहीत.

माझे आजोबा पूर्व भागात दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. आम्ही यंत्रमागाच्या खडखडाटात झोपणारी पोरं. माग बंद पडला की जाग यायची. एकदा मी त्यांच्या कानाला इअरफोन लावून हे गाणं ऐकवलं. मिनिटभर ऐकून म्हणाले, “माग हळू चाललाय की हा.” टेपच्या वेगाबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

या गाण्याखाली बँडच्या चौघांसोबत मेम्फिस मिनीचं नाव आहे. झेपलिनसाठी ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या अल्बममधल्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये विली डिक्सनचे शब्द होते आणि नाव नव्हतं, १९८५ मध्ये त्याने दावा लावला, मग तडजोड झाली. त्याच अल्बममधल्या ‘ब्रिंग इट ऑन होम’चीही तीच कथा. चौथ्या अल्बमवर निदान मिनी आहे. पण १९२९ ला जो प्रत्यक्ष गायला, तो कॅन्सस जो नाही. अर्धीच नोंद.

चाहत्यांचा यावर ठरलेला बचाव असतो: ब्ल्यूज ही लोकपरंपरा, ओळी तोंडोतोंडी फिरतात, ओवीला कुठे असतं नाव? खरं आहे. पण ओवी कोणी आपल्या नावावर नोंदवून तिची रॉयल्टी घेत नाही. मी ज्या फुकटच्या कोडवर रोज पगार मिळवतो, त्यातल्या एमआयटी लायसन्सची अट एवढीच आहे: घ्या, बदला, विका, मूळ लिहिणाऱ्याची ओळ फाइलमधून काढू नका. अल्बम आला तेव्हा मिनी जिवंत होती, आजारी होती. १९७३ मध्ये ती गेली. तिच्या कबरीवर दगड बसला १९९६ मध्ये, त्याचे पैसे दिले गायिका बॉनी रेट हिने.

आता मुंबई. ‘फोर स्टिक्स’ या सहाव्या गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरल्या होत्या. ठेका पाच आणि सहा मात्रांमध्ये अडखळत राहतो आणि अल्बममध्ये तो मला थोडा ओढूनताणून वाटतो. १९७२ मध्ये पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि हेच गाणं त्यांनी इथल्या वादकांबरोबर पुन्हा रेकॉर्ड केलं. आपल्या वादकांना विषम मात्रांचं कसलं कौतुक! जिथे बॉनम झुंजतो तिथे ते रमतात. गाणं सैल होतं, श्वास घेतं. माझ्या मते मूळापेक्षा ही आवृत्ती सरस आहे. ती त्रेचाळीस वर्षं कपाटात पडून होती, २०१५ मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत आली. तिच्या शीर्षकात कंसात काय आहे? बॉम्बे ऑर्केस्ट्रा. शहराचं नाव.

शहराचं नाव आम्हा सोलापूरकरांना ओळखीचं. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, म्हणजे गावाचं नाव कायद्याने राखलंय. आजोबांनी विणलेली एक चादर घरी आहे. कडेला कारखान्याचं नाव विणलेलं. ते नाव आजोबांनीच विणलं, रोज, कित्येक वर्षं. आपली चादर ते काठ चाचपून ओळखायचे. मी डोळे मिटून बराच प्रयत्न केला, मला नाही जमलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, आजोबा गेल्यानंतर, बातमी आली की मुखपृष्ठावरच्या म्हाताऱ्याचा पत्ता लागला. प्लांटला जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेलं ते चित्र मुळात एका छायाचित्राची रंगवलेली प्रत होती. ब्रायन एडवर्ड्स या संशोधकाला मूळ फोटो १८९२ च्या एका जुन्या संग्रहात सापडला. काढणारा अर्नेस्ट फार्मर. फोटोखाली माणसाचं नाव नव्हतंच, फक्त धंदा लिहिलेला: विल्टशायरचा छप्पर शाकारणारा. गावच्या नोंदी धुंडाळून एडवर्ड्सने नाव शोधलं. तो बहुधा मिअर गावचा लॉट लाँग. १८९३ मध्ये वारला.

इतकी वर्षं मी त्याच्या पाठीवर सरपण समजत होतो. छप्पर शाकारणारा माणूस होता तो. पाठीवर कामाचा माल असणार. सुताची बाचकी खांद्यावर घेऊन कारखान्याचा जिना चढताना आजोबाही तसेच वाकायचे.